दोन श्वानस्मारकें

पाळलेलें जनावर मेल्याचें दुःख बोलून दाखविण्यास सुशिक्षित माणूसही लाजतो. असें दुःख काव्याचा विषय होऊं शकतें काय? दोन इंग्रज कवींनीं तो प्रयत्न केला आहे.

बायरनचा बोट्स्वेन हा कुत्रा १८०८ सालीं पिसाळून मेला. न्यूस्टेड येथें त्याचें भव्य स्मारक उभारून बायरननें त्यावर कविता कोरविली. पण तींत मनुष्यजातीची निंदाच फार! बोट्स्वेन स्वामिनिष्ठ होता, एवढेंच कळतें. त्याची मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं.

मॅथ्यू आर्नल्डची १८८१ सालची ‘गाइस्ट्स ग्रेव्ह’ याच्या अगदीं उलट आहे. गाइस्ट अवघीं चार वर्षें जगला. त्याची नजर, जिन्यावर वाजणारीं त्याचीं पावलें, घरच्या मंडळींनीं एकमेकांस पुनःपुन्हां सांगितलेल्या त्याच्या लकबी, एवढेंच आर्नल्ड सांगतो. आणि तेवढ्यानें वाचकाचाही कंठ दाटून येतो.

आमच्या मतें या शोकाचें औषध विसरण्यांत नसून अशा नेमक्या आठवणींतच आहे. ज्यांच्या ओसरीवर आज दुधाची वाटी रिकामी पडली असेल, त्यांनीं चारचौघांत बसून त्या मुक्या जिवाच्या खोड्या खुशाल आठवाव्या. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.