हाताच्या तुटलेल्या मज्जातंतूंवरील नवे उपचार : घाटनांदूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

परळी–विकाराबाद लोहमार्गावरील घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीनंतर येथील मजूर कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घेतलेली पती-पत्नीची जोडी या व्यवसायात ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. माणसांची गणना हत्याराच्या नावाने करणाऱ्या या व्यवस्थेत एकाचा हात जायबंदी झाला की संपूर्ण कोयताच मोडतो. उचल मात्र अंगावर तशीच राहते. गावात राहणाऱ्यांनाही कडबाकुट्टी व मळणी यंत्र यांच्यापासून हाताला गंभीर इजा होण्याचा धोका असतो.

हाताच्या तुटलेल्या मज्जातंतूंसाठी गेल्या काही दशकांत अनेक नवे उपचार पुढे आले आहेत. त्यांचे मूल्यमापन बहुधा किती मिलिमीटरची तूट भरून निघाली, या एकाच निकषावर केले जाते. जखम झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत किती काळ गेला, हा निकष ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने अधिक निर्णायक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इजेचे स्वरूप व काळाचे गणित

मज्जातंतू तुटल्यावर छेदाच्या पुढचा भाग ऱ्हास पावतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकावरील प्रयोगांतून दाखविले. १९४३ मध्ये सेडन यांनी अशा इजांचे तीन, तर १९५१ मध्ये संडरलँड यांनी पाच प्रकार मांडले. पूर्ण तुटलेला मज्जातंतू शिवला तरी जुना तंतू पुन्हा जिवंत होत नाही. वरच्या टोकातून नवे तंतू फुटतात आणि जुन्या, रिकाम्या झालेल्या आवरणातून खाली सरकतात. ही वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर इतकी मंद असते.

मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर साधारणतः सतरा-अठरा सेंटिमीटर धरले, तर हा प्रवास जवळपास सहा महिन्यांचा होतो. म्हणजेच ऊसतोडीचा एक संपूर्ण हंगाम. जखम कोपराजवळ असेल, तर तळहातातील लहान स्नायूंपर्यंत पोहोचण्यास वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. साधारणतः बारा ते अठरा महिने तंतूविना राहिलेला स्नायू पुढे तंतू पोहोचला तरी पूर्ववत होण्याची शक्यता फार कमी असते.

नव्या उपचारांची चिकित्सा

दोन टोके ताण न देता जुळत असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती थेट शिवणे हाच आजही सर्वोत्तम उपाय मानला जातो. टोकांमध्ये अंतर असेल, तर रुग्णाच्याच पोटरीतील सुरल मज्जातंतूचा तुकडा जोडण्याची पद्धत रूढ आहे. व्हिएन्नाचे हान्नो मिलेसी यांनी १९७० च्या दशकात ती पक्क्या पायावर उभी केली. या पद्धतीत पावलाच्या बाहेरील कडेची संवेदना गमवावी लागते.

ही किंमत टाळण्यासाठी विरघळणाऱ्या नळ्या आल्या. हाताच्या मज्जातंतूंवरील २००० सालच्या एका तुलनात्मक चाचणीत अशी नळी एकंदरीत रूढ पद्धतीच्या बरोबरीची ठरली आणि काही विशिष्ट अंतरांसाठी सरस ठरली. तथापि सुमारे तीन सेंटिमीटरच्या पुढे नळीवर विसंबता येत नाही. मृत दात्याच्या मज्जातंतूवर प्रक्रिया करून तयार केलेला तुकडा हा दुसरा पर्याय होय. या दोन्ही पर्यायांत खर्च येतो तो वस्तूचा. शिवाय कोयत्याचा वार बहुधा सरळ व स्वच्छ असतो. तेथे वेळीच टाके घातले तर नळीची गरजच पडत नाही. कडबाकुट्टीत चेचलेल्या हाताची गोष्ट निराळी. तेथे खराब भाग कापून टाकावा लागतो आणि तुटीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

याउलट दोन उपचार प्रत्यक्ष काळाशी झुंजतात. पहिला, मज्जातंतूचे स्थलांतरण. मनगटाजवळील एका कमी महत्त्वाच्या स्नायूकडे जाणारी शाखा अल्नर मज्जातंतूच्या स्नायूंकडे जाणाऱ्या शाखेला जोडली, की कोपरापासूनचा लांब प्रवास वाचतो. अमेरिकेतील सुझन मॅकिनन यांनी या विचाराचा विशेष पुरस्कार केला. दुसरा, शस्त्रक्रियेनंतर तासभर सौम्य विद्युत उद्दीपन. बोटांच्या मज्जातंतूंवरील २०१५ च्या एका कॅनेडियन चाचणीत त्यामुळे संवेदना अधिक चांगली परतल्याचे आढळले. चाचणी लहान होती, हे ध्यानात ठेवूनही तिची दिशा महत्त्वाची वाटते. या दोन्हींत महागड्या वस्तूपेक्षा शल्यकाचे कौशल्य अधिक लागते आणि कौशल्य शिकविता येते.

हे सारे फसले, तर कंडरांचे स्थलांतरण उरते. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांसाठी पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे ते विकसित केले. त्याने हालचाल परत येते, संवेदना मात्र येत नाही.

‘शीर तुटली’ : निदानातील पहिली चूक

आपल्या बोलीत रक्तवाहिनी, कंडरा व मज्जातंतू या तिन्हींना ‘शीर’ हाच शब्द आहे. रक्त थांबले, कातडी शिवली, की ‘शीर जोडली’ असा समज होतो. बधिरपणा पुढे काही आठवड्यांनी ध्यानात येतो. तोपर्यंत टोके आक्रसून दूर गेलेली असतात आणि साध्या टाक्यांचे काम रोपणापर्यंत येऊन ठेपते. म्हणजे जी तूट भरण्यासाठी नवी नळी हवी, ती अनेकदा विलंबानेच निर्माण केलेली असते. भूल देण्यापूर्वी प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श करून संवेदना विचारणे, या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा टप्पाही असाच उपेक्षित आहे. नवे तंतू जुन्याच वाटेने परततात असे नाही. म्हणून मेंदूला नव्याने शिकावे लागते. स्वीडनचे गोरान लुंडबोर्ग यांनी या बाजूवर भर दिला. डोळे मिटून ज्वारी, हरभरा, नाणे ओळखण्याचा सराव घरीही करता येतो. तोवर बधिर हात तव्यापासून व चुलीपासून जपावा लागतो, कारण भाजल्याचेही कळत नाही.

निष्कर्ष

असा हात बाहेरून धडच दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अनेक लाभ ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीशी बांधलेले आहेत. परंतु बधिर बोटांनी मोळी बांधता येत नाही, याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

नव्या उपचारांना विरोध करण्याचा येथे हेतू नाही. त्यांचा क्रम मात्र बदलला पाहिजे. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रावर व साखर कारखान्याच्या परिसरात अचूक निदान, त्यानंतर काही दिवसांच्या आत सूक्ष्म शस्त्रक्रिया, पुढे संवेदनेचे शिक्षण आणि या साऱ्यानंतर नळ्या व रोपणे. ग्रामीण भागासाठी स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच तालुक्यात, अंबाजोगाईस आहे. मज्जातंतू स्थलांतरणासारखे कौशल्य अशा संस्थांत रुजले, तरच या संशोधनाचा लाभ कोयता धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचेल. दिवसाला एक मिलिमीटर हा निसर्गाचा वेग आपल्याला फारसा बदलता येत नाही. त्याआधी वाया जाणारे आठवडे मात्र निश्चितच वाचविता येतात.