सोवळे आणि शुद्ध : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

मराठीत ‘शुद्ध’ म्हटले की आपल्याला आधी पाणी आठवते, मग तूप, मग शाकाहार. मन फार उशिरा आठवते. त्यामुळे ‘अंतःकरणाची शुद्धता’ ही ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती कल्पना आपल्याला कुठल्या तरी परक्या चर्चमधली वाटते. वस्तुतः तिच्यावरचे एक उत्तम पुस्तक आपल्याच भाषेत, अगदी स्वयंपाकघरातल्या मराठीत लिहिलेले आहे. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. आपण ते खुसखुशीत आत्मचरित्र म्हणून वाचतो, हसतो आणि कपाटात ठेवतो. माझी तक्रार नेमकी या वाचनाबद्दल आहे.

आरंभीच सांगतो, मी धर्माने ख्रिस्ती नाही आणि साहित्याचा प्राध्यापकही नाही. इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट घेऊन सॉफ्टवेअरवर पोट भरणारा एक वाचक आहे. पण या पुस्तकाला विद्वत्तेचा सोस नाही, म्हणून धीर होतो.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. चौथा भाग आला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांचे वडील भेटतात. घरातल्या एका वडीलधाऱ्या आप्ताला १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने जे ठाण मांडले ते कायमचे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा. लक्ष्मीबाई हे सारे इतक्या गमतीने सांगतात की आपण हसत सुटतो. पण जरा थांबून पाहिले तर लक्षात येते की या सोवळ्याच्या मुळाशी भक्ती नाही, भीती आहे. जगात काही तरी भयंकर घडले, ते आपल्याला शिवू नये, म्हणून पाणी ओतत राहायचे.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हीही बाहेरून येणारी माहिती दारावरच तपासून घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आतला हिशेबच चुकलेला असेल तर दारावर कितीही पहारा बसवा, उत्तर चुकायचे ते चुकतेच. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवरून वाद होतो, तेव्हा येशूचे म्हणणे साधारण हेच आहे : माणूस विटाळतो तो बाहेरून पोटात जाणाऱ्या अन्नाने नव्हे, तर आतून निघणाऱ्या लोभाने, कपटाने, गर्वाने. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात देवाच्या दर्शनाचे आश्वासन आहे तेही निर्मळ मनाच्या माणसांना.

आता लक्ष्मीबाईंचा प्रवास पाहा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीकडे आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले की माणसामाणसांतले हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले आहेत. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मनातला विटाळ गेला, मागाहून धर्म बदलला. धर्मांतराची कहाणी म्हणून हे पुस्तक वाचणारे, मग ते टिळकांवर रागावलेले असोत की खूष असोत, हा क्रम विसरतात.

पवित्र जीवनाचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो टिळकांमुळे उभा राहतो. टिळक खरोखरच साधुवृत्तीचे होते. हातात पैसा आला की तो कुणाच्या तरी गरजेला जाई. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ साली ते गेले. भव्यच आयुष्य! पण त्या भव्यतेचा घरखर्च कोण चालवीत होते? उद्याच्या पिठामिठाची काळजी कुणाच्या वाट्याला होती? ज्या पावित्र्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ते कितपत शुद्ध? लक्ष्मीबाई हा प्रश्न थेट विचारीत नाहीत. त्या टिळकांचा तापटपणा लपवीत नाहीत, त्यांच्यावरचे प्रेमही लपवीत नाहीत आणि निवाडा आपल्यावर सोपवतात. माझ्या मते पुस्तकातले खरे पवित्र जीवन त्यांचेच आहे : राग आहे, पण डूख नाही, अनाथ पोरांना घरात घेतले आहे, पण उपकाराचा सूर नाही.

पुस्तकात उणे नाही असे नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद पुष्कळदा दुःखावर पांघरूण घालतो. त्यांच्या प्रार्थनेत काय चालत असे, हे मनाच्या शुद्धतेबद्दल वाचू पाहणाऱ्याला हवे असते. तिथे त्या पटकन पुढची गोष्ट सांगू लागतात. कदाचित आतले बोलून दाखवायचे नसते, वागून दाखवायचे असते, हे त्यांचे उत्तर असेल. तरीही ती जागा रिकामी वाटते खरी.

हे सारे मी तांबड्या समुद्राच्या काठी, राबिघजवळच्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत राहून लिहितो आहे. सौदी अरेबियात चर्च नाही, देऊळ नाही. आपल्यापैकी ख्रिस्ती मराठी कुटुंबांना रविवारची घंटा नाही आणि आपल्याला आरतीची नाही. इमारत आणि उत्सव वजा केल्यावर माणसाच्या धर्मात उरते काय? उरते ती वागणूक. आणि वागणुकीची परीक्षा व्हायला परदेशासारखी जागा नाही. इथे आपण सारे परके, सारे करारावर आलेले. तरी डबा उघडताना कुणाचा डबा कुणापासून दूर ठेवायचा, ड्रायव्हरला चहा कुठल्या पेल्यात द्यायचा, सफाई करणाऱ्या माणसाला नावाने हाक मारायची की बोटाने खुणावायचे, ही सोवळी आपल्याबरोबर विमानातून आलेलीच आहेत. त्यांना आपण ‘स्वच्छता’ म्हणतो, ‘सवय’ म्हणतो, इतकेच.

लक्ष्मीबाईंकडे पदवी नव्हती, पण स्वतःचा विटाळ कुठे आहे हे शोधण्याची हिंमत होती. आपल्याकडे पदव्या ढीगभर आहेत. वाचकहो, पुढच्या सुट्टीत गावाहून येताना लोणच्याच्या बरण्यांबरोबर ‘स्मृतिचित्रे’ जरूर आणा. हसा, खुशाल हसा. फक्त वडिलांच्या सोवळ्यावर हसून झाले की आपल्या घरातले सोवळे कुठे टांगले आहे तेही एकदा पाहा.