‘विनयभंग’ : एक अर्थविचार

‘विनय’ हा शब्द ‘वि’ या उपसर्गासह ‘नी’ धातूपासून सिद्ध होतो. वळण लावणे हा त्याचा मूलार्थ होय. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे पहिले अधिकरण ‘विनयाधिकारिक’ या नावाचे असून त्यात राजाच्या विद्याभ्यासाचा व इंद्रियजयाचा विचार आहे. ‘विनयपिटका’त भिक्षुसंघाचे आचारनियम येतात. दोन्ही ठिकाणी विनय म्हणजे शिक्षणाने वा नियमाने घडलेले वर्तन होय.

मराठीत या अर्थाचा संकोच होऊन ‘नम्रता’ एवढाच अर्थ प्रायः उरला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३५४ व्या कलमातल्या ‘मॉडेस्टी’साठी हाच शब्द मराठीत रूढ झाला. वास्तविक त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘माप’ या अर्थाचा लॅटिन शब्द असल्याने ‘मर्यादा’ हा पर्याय त्यास अधिक जवळचा ठरला असता.

‘विनयभंग’ या समासाची घडणही विचारार्ह आहे. व्रतभंग, आज्ञाभंग, शिस्तभंग या शब्दांत ज्याच्यावर बंधन असते तोच भंग करतो. ‘तिचा विनयभंग झाला’ या प्रयोगात मात्र भंग करणारा एक आणि विनय दुसरीचा. परिणामी अपराध्याच्या दुर्वर्तनाऐवजी पीडितेच्या शीलाची हानी वाक्याच्या केंद्रस्थानी येते.

व्युत्पत्तीहून रूढी बलवत्तर, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो तत्त्वतः मान्य करूनही, ही रूढी सुसंगत आहे काय, हे पाहिले पाहिजे. १९६६ साली मेजर सिंग खटल्यात साडेसात महिन्यांच्या बालिकेवरील अत्याचारासही हे कलम लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दिला. ‘मॉडेस्टी’चे सार स्त्रीच्या स्त्रीत्वातच आहे, ही त्यामागील भूमिका. निर्णय न्याय्यच होय. परंतु तान्ह्या मुलीच्या ठायी नम्रता, लज्जा वा शिक्षण यांपैकी काहीच संभवत नाही. तेव्हा कायद्याने ज्याचे रक्षण केले, ते मराठीतील कोणत्याही अर्थाने ‘विनय’ नव्हते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमातही ‘मॉडेस्टी’ची कल्पना कायम आहे. ‘विनयभंग’ हा शब्द ठेवावयाचाच असेल, तर त्याचा मूलार्थ जागा करणे इष्ट. ‘त्याने विनयभंग केला’ असे म्हणताना, भंगला तो त्याचाच विनय, हे वाचकाच्या ध्यानी यावयास हवे.