दलित स्वकथने आणि महाविद्यालयाचा दरवाजा

दलित स्वकथनांची समीक्षा आजवर पुष्कळ झाली. वेदना, विद्रोह, नकार, बोलीभाषा, अनुभवाची अस्सलता अशा सर्व अंगांनी या पुस्तकांची झडती घेतली गेली. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके अभ्यासक्रमात आली, त्यांच्यावर प्रबंध झाले. पण एक साधा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारला नाही. गावकुसाबाहेरचा मुलगा महाविद्यालयाच्या दरवाजापर्यंत पोहोचला तो नेमका कसा? अर्ज कोणी भरून दिला, फी कोणी भरली, पहिल्या रात्री तो झोपला कुठे? आणि जे पोहोचले नाहीत त्यांना कोणी अडवले?

हा प्रश्न साहित्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कारण या पुस्तकांचे आपण जसे वाचन करतो, तसेच भाषण आपण आपल्या मुलांपुढे करतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्त्यावस्त्यांतून गुणगौरव समारंभ होतात. हार, पेन, एखादे पुस्तक आणि एक ठराविक भाषण. बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, तुम्हीही करा. जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही. परिस्थितीचे रडगाणे गाऊ नका. भाषण संपते, टाळ्या होतात. मुलाच्या हाती पेन राहते, पण उद्या सकाळी कुठल्या कार्यालयात जायचे हे त्याला कळलेले नसते.

या भाषणात बाबासाहेबांच्याच चरित्राची मोडतोड होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर हे गुरुजी त्यांच्या सत्काराला आले आणि आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्यांना भेट दिले, हे आपल्याला पाठ आहे. पण पुढचे आपण भरकन सांगून मोकळे होतो. केळुसकरांनी सयाजीराव महाराजांपर्यंत या विद्यार्थ्याची भेट घडवून आणली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पुरे झाले. अठरा तासांचा अभ्यास खराच. परंतु त्या अभ्यासाला पंचवीस रुपयांची आणि वाट माहीत असलेल्या एका माणसाची जोड होती. जिद्दीची गोष्ट सांगताना आपण हा माणूस वगळतो. मग ज्याला असा माणूस भेटत नाही, त्याचे अपयश त्याच्याच माथी मारले जाते. जातीने दिलेली अडचण स्वभावाचा दोष ठरते. प्रस्थापितांनी हे करावे हे समजते; आपल्याच व्यासपीठावरून हे व्हावे याला काय म्हणावे?

केळुसकरांवर अवलंबून राहावे लागू नये, हे बाबासाहेबांना कळले होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय निघाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. नागसेनवनात केवळ वर्ग उभे राहिले नाहीत, वसतिगृहे उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखे अध्यापक तिथे होते. म्हणजे सल्ला, निवारा, जेवण आणि वर्ग एकाच आवारात. एका भल्या माणसाच्या मर्जीवर असलेली गोष्ट संस्थेची जबाबदारी झाली. माझ्या मते मिलिंदचे सर्वांत मोठे क्रांतिकारकत्व इथे आहे.

प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. आईबाप लहानपणीच गेलेला, बहिणीच्या आसऱ्याने वाढलेला हा मुलगा मिलिंदपर्यंत येतो. समीक्षकांनी यातल्या भुकेवर लिहिले, निवेदनाच्या संयमावर लिहिले. परंतु हे पुस्तक आसऱ्यांचेही पुस्तक आहे. ज्याला घर नाही त्याच्यासाठी शिक्षण म्हणजे आधी राहण्याचा प्रश्न. कोण ठेवून घेणार, किती दिवस, कोणत्या बोलीवर? पुस्तक हा प्रश्न सतत विचारते. आपण मात्र त्याला ‘संघर्ष’ असे एक गोळाबेरीज नाव देऊन पुढे जातो.

‘उचल्या’ (१९८७) याच्या उलट बाजूने वाचावे. लक्ष्मण गायकवाडांचे शिक्षण अर्ध्यावर सुटते आणि ते लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतात. बुद्धीत किंवा जिद्दीत ते कुणापेक्षा उणे होते असे ते पुस्तक वाचणारा म्हणणार नाही. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत बारावीनंतर कंत्राटी पाळीला लागलेली मुले मी पाहतो तेव्हा मला हेच दिसते: शिक्षण ‘सुटते’ असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते हातातून काढून घेतले जाते.

बायकांची स्वकथने आणखी पुढे जातात. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) सांगते की संस्कृतात एम. ए. झाल्यावरही दार उघडले नाही. लग्नाने आडनाव बदलल्यावर नोकरी मिळाली. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) लग्न, मुले आणि नोकरी सांभाळून एम. ए. करणाऱ्या बाईला घरातच विरोध सोसावा लागतो. मुलींना मार्गदर्शन करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की त्यांचा अर्ज आधी घरात मंजूर व्हावा लागतो.

आज दरवाजा बदलला आहे, उंबरठा तोच आहे. पूर्वी शिपाई अडवीत असे, आता कागद अडवतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. मराठवाड्यात १९५० पूर्वीच्या नोंदी म्हणजे निजामी राजवटीच्या, पुष्कळशा उर्दूत. आणि ‘उपरा’तल्या कैकाड्याने, गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरणाऱ्याने, कोणत्या गावच्या दप्तरात आपली नोंद शोधावी? ज्यांना गावाने घर दिले नाही, त्यांच्याकडे शासन गावाचा दाखला मागते. धर्मांतरितांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आणि आजोबांच्या कागदावर पूर्वाश्रमीची जात, ही सांगड घालण्यातही वेळ जातो.

पैशाचे तसेच. २०२१ साली मुंबईच्या आयआयटीत एका दलित विद्यार्थ्याची जागा तांत्रिक अडचणीमुळे वेळेत पैसे भरता आले नाहीत म्हणून गेली. २०२४ साली मुजफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली जागा साडेसतरा हजार रुपये मुदतीत न भरल्याने गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने जागा मिळवून दिली. न्याय झाला, चांगले झाले. पण जे दिल्लीपर्यंत पोहोचत नाहीत त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

म्हणून मार्गदर्शन करायचेच तर ते असे करावे. वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच तयार करावा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेले विद्यार्थ्याच्या नावचे बँक खाते, ही तयारी परीक्षेआधी व्हावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडे कॉलेजने प्रवेशावेळीच पूर्ण फी मागितली तर लेखी मागणी करायला सांगावे. तोंडी हुकूम कागदावर आला की त्याच्याशी भांडता येते. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरावा, आणि तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा. भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत घरी ठेवावी. आणि विषय निवडताना ‘आपल्याला हेच झेपेल’ असे सांगणाऱ्याला विचारावे, की हे तुम्ही कोणकोणाला सांगता?

यात एक धोका आहे. वाट दाखवणारा हळूहळू दलाल होतो. त्याचे उपकार होतात, मग त्याच्या मिरवणुका निघतात. हा धोका टाळायचा तर वाटेची माहिती एका माणसाच्या खिशात राहता कामा नये. वस्तीतल्या बुद्धविहारात, समाजमंदिरात जून महिन्यात एक टेबल मांडावे. गेल्या वर्षी ज्यांनी हे सारे भोगले तीच पोरे तिथे बसावीत. आणि त्याच टेबलावरून शासनाला विचारावे की इतके कागद मुळात कशासाठी? अर्ज भरून देणे आणि अर्जाविरुद्ध लढणे, दोन्ही कामे चळवळीचीच आहेत.

लेखकांकडेही एक मागणे आहे. आता जी पिढी लिहील तिने भूक लिहावी, अपमान लिहावा, तो लिहिलाच पाहिजे. त्याबरोबर ज्या हातांनी अर्ज भरला तो हातही लिहावा, आणि ज्या खिडकीने तो परत केला ती खिडकीही. समीक्षकांनी त्या मजकुराला तपशील म्हणून वगळू नये. आपल्या साहित्याने माणसाला केंद्र मानले. मग त्या माणसाचा प्रवेशअर्ज परिघावर कसा राहील?