उत्तरकालीन खेळांचा संग्रह आणि सूचींचे प्रामाण्य

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या जुन्या यंत्रांचे संग्राहक ‘उत्तरकाल’ ही संज्ञा सर्रास वापरतात. यंत्राची भरभराट ओसरल्यावर, परंतु त्याचे उत्पादन पुरते थांबण्यापूर्वी जे खेळ निघाले ते उत्तरकालीन, असा तिचा स्थूल अर्थ आहे. असे खेळ थोडे खपले म्हणून दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून मोलाचे, हे या वर्गाचे गृहीतक होय. अटारी २६०० या अमेरिकन यंत्रापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९७७ साली विक्रीस आलेल्या या यंत्राचे उत्पादन १९९२ च्या आरंभी थांबले. आरंभीचे खेळ २ किंवा ४ किलोबाइटांत बसत. १९८६ चा ‘सोलारिस’ १६ किलोबाइटांचा आहे. अवघी १२८ बाइटांची कार्यस्मृती असलेल्या यंत्राकडून या खेळाने जे काम करून घेतले, ते पाहता येथे उत्तरकाल म्हणजे परिपक्वतेचा काल असे म्हणावयास हरकत नाही.

हीच संज्ञा चिपळूणसारख्या गावाला लावू गेल्यास मात्र ती टिकत नाही. कोकणातील मुलांच्या हाती पडले ते प्राधान्याने निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या अनुकृतींचे खेळ. मूळ यंत्र जपानात १५ जुलै १९८३ रोजी निघाले आणि त्याचा अखेरचा अधिकृत खेळ तेथे जून १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुकृतींचा बहर त्याच सुमारास आपल्याकडे होता आणि पुढेही काही वर्षे टिकला. तरीही त्यांच्या कॅसेटींत १९९३-९४ चे खेळ फारसे आढळत नाहीत. आढळतात ते १९८४-८५ चे. याचे कारण अभिरुचीत नसून आकारमानात आहे. ‘बॅटल सिटी’ (१९८५) हा खेळ २४ किलोबाइटांचा, तर ‘कर्बीज अॅडव्हेंचर’ (१९९३) ७६८ किलोबाइटांचा. एका ‘कर्बी’च्या जागेत बत्तीस ‘बॅटल सिटी’ मावतात, शिवाय त्याला स्मृतिखंडांची अदलाबदल करणारी निराळी चकती लागते. जो विक्रेता खेळांच्या संख्येवर कॅसेट विकतो, तो साहजिकच लहान खेळ निवडतो. सारांश, येथील यंत्राचा उत्तरकाल मूळ यंत्राच्या पूर्वकालाने भरलेला आहे. पाश्चात्त्य याद्यांवरून चिपळुणात ‘उत्तरकालीन’ खेळ शोधणारा संग्राहक त्यामुळे रित्या हातानेच परतणार.

सूचींचा प्रश्न याहून नाजूक आहे. अटारीच्या खेळाच्या डबीत घडीची छापील सूची असे. ती पुराव्यादाखल सर्रास दिली जाते. पण तिच्यात घोषित झालेले आणि पुढे कधीच न निघालेले खेळही आहेत. कोशशास्त्रात अशा नोंदीला भूतशब्द म्हणता येईल. वेबस्टरच्या १९३४ च्या कोशात ‘डॉर्ड’ हा अस्तित्वातच नसलेला शब्द असाच शिरला होता. अनुकृतींच्या कॅसेटींना छापील सूची बहुधा नसतेच; पडद्यावर उमटणारी यादी हीच त्यांची सूची. तिचा दोष नेमका उलटा. तेथे वस्तूविना नाव नसून एकाच वस्तूला अनेक नावे असतात. ‘९९९९९९९ इन १’ अशी पाटी मिरवणाऱ्या कॅसेटीत खेळ मोजकेच भरतात.

याला सरसकट लबाडी म्हणून सोडून देणे मात्र अभ्यासकाला शोभणारे नाही. या नोंदी पुष्कळदा निव्वळ पर्यायनामे नसतात. तोच खेळ निराळ्या टप्प्यापासून, किंवा अधिक ‘लाईफ’ घेऊन, सुरू होतो. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ यांना स्वतंत्र शब्द मानून नोंदवणाऱ्या कोशकाराची ही रीत आहे. कोशकार वाईट खरा, पण त्याच्या चुकीत व्यवस्था आहे. ‘बॅटल सिटी’चे फेरफार केलेले रूप या याद्यांत ‘टँक १९९०’ म्हणून येते. नावातील हा सनच १९८५ च्या खेळाला उत्तरकालीन ठरवतो! संग्राहकांच्या याद्या अशा कॅसेटींना नकली म्हणून वगळतात, आणि इकडच्या खेळणाऱ्यांनी प्रत्यक्ष जी नावे वाचली व उच्चारली ती सर्व त्याबरोबर वगळली जातात. दुर्मिळतेचे अंक लावण्याच्या भरात झालेली ही हानी लहान नाही.

चिपळुणात तिला दुसरीही बाजू आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी व शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेलाही त्याची झळ पोचली. पुरात कागद प्रथम जातो. कॅसेट धुऊन, वाळवून, तिच्या टोकांवरील गंज पुसून पुष्कळदा पुन्हा चालते. वेष्टनावरील चिठ्ठी, दुकानाची पावती, वहीत हाताने उतरलेली खेळांची यादी मात्र परत येत नाही. म्हणून कोणत्याही विभागाने या साहित्याचा संग्रह हाती घेतल्यास क्रम संग्राहकांच्या उलट ठेवावा : प्रथम कागद, मग पडद्यावरील याद्या, आणि खेळ शेवटी. याद्या उतरताना नोंदींचा क्रम, पुनरावृत्ती आणि रोमन लिपीतील अशुद्ध लेखन जसेच्या तसे राखावे. ‘गेम’ पुल्लिंगी चालवला की स्त्रीलिंगी, हे सांगणाऱ्याच्या वाक्यासह टिपावे, आणि पाटीवरील आकड्यापुढे प्रत्यक्ष भरलेल्या खेळांची संख्या लिहावी.