स्मृतीचे रसायन : एरिक कँडेल यांच्या ग्रंथाची एक चिकित्सा

एरिक कँडेल यांचा ‘इन सर्च ऑफ मेमरी’ हा ग्रंथ २००६ साली प्रकाशित झाला. आत्मचरित्र आणि विज्ञानाचा इतिहास असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. ग्रंथाच्या आरंभी १९३८ मधील व्हिएन्ना येते : नवव्या वाढदिवसाला मिळालेली निळी खेळण्यातली मोटार आणि दोनच दिवसांनी दारावर पडलेल्या नाझी पोलिसांच्या थापा. ते भय मेंदूच्या पेशींत कसे कोरले गेले, हा लेखकाचा मूळ प्रश्न होय.

उत्तराचा शोध मात्र अप्लिसिया या समुद्री गोगलगायीत घेतला जातो. तिच्या चेतासंस्थेत सुमारे २०,०००च पेशी असल्याने ही निवड समर्थनीय ठरते. शेपटीला विजेचा एक धक्का दिला असता कल्ला आत ओढून घेण्याची तिची प्रतिक्रिया काही मिनिटे तीव्र राहते. धक्के अंतराअंतराने पुनःपुन्हा दिल्यास ती अनेक दिवस टिकते. धक्क्याने सेरोटोनिन स्रवते, संवेदी पेशीत सायक्लिक एएमपी वाढते आणि तिच्या टोकातून ग्लुटामेट अधिक प्रमाणात सुटते. काचपात्रातील पेशींना सेरोटोनिनच्या पाच मात्रा दिल्यास क्रेब हे प्रथिन जनुके कार्यान्वित करते व नवे चेतासंधी वाढतात. रसायन तेच, फरक पुनरावृत्तीचा. ही प्रकरणे ग्रंथाचा मानबिंदू होत. विज्ञानेतर विषयांच्या अध्यापकांनीही ती मुळातून वाचावीत.

तथापि येथेच एक आक्षेप संभवतो. सेरोटोनिन ‘किती काळ’ हे ठरविते, ‘काय’ हे नव्हे. गोगलगायीच्या प्रतिक्षेपाचा मार्ग इतका साधा की हा भेद झाकला जातो. जेम्स मॅक्गॉ यांच्या उंदरांवरील प्रयोगांत तो उघड होतो. शिकणे संपल्यानंतर अॅड्रेनॅलिन योग्य मात्रेत टोचल्यास स्मृती बळावते, अतिमात्रेने ती खालावते. आशय मात्र आधीच ग्रहण झालेला असतो. ‘स्मृतीचा रेणू’ हा प्रचारात रूढ झालेला शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे आणि ग्रंथाची उत्साही भाषा त्याला अधूनमधून खतपाणी घालते.

वास्तविक या आक्षेपाचे उत्तर लेखकाच्या प्रयोगशाळेतूनच आले होते. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील स्थानपेशी जागेचा नकाशा तयार करतात. तो दिवसेंदिवस स्थिर राहण्यासाठी अवधान लागते आणि त्या कामी डोपामिनचा सहभाग असतो. येथे आशय पेशींच्या जाळ्यात आहे, टिकाऊपणा रसायनात. निळी मोटार आणि दारावरची थाप यांतील फरक शोधायचा तो त्या जाळ्यात.