मुक्तस्रोत प्रणाली आणि स्वयंसेवकांना आवाहन : एक चिकित्सा

मुक्तस्रोत चळवळीचे मूल्यमापन करताना परवान्याने दिलेल्या स्वातंत्र्याचा गौरव होतो. ते स्वातंत्र्य टिकविणाऱ्या श्रमांचा विचार मात्र अभावानेच केला जातो. अल्पप्रचलित संगणकांच्या संदर्भात ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

१९९८ मध्ये लिनक्सवर आधारित डेबियन २.० ही प्रणाली इंटेलखेरीज मोटोरोला ६८००० कुळातील प्रोसेसरसाठीही, म्हणजे अमिगा, अटारी यांसारख्या संगणकांसाठी, अधिकृतपणे उपलब्ध झाली. २००७ च्या ४.० आवृत्तीतून मात्र हे कुळ वगळले गेले. प्रत्येक सुधारित पॅकेज त्या त्या प्रोसेसरसाठी नव्याने बांधावे लागते. मंद यंत्रे आणि मोजके स्वयंसेवक यांना हा भार पेलणे कठीण होते.

पुढे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या कंपायलरची जुनी अंतर्गत रचना मोडीत काढण्याचे ठरले, तेव्हा या कुळाचा आधारच धोक्यात आला. या वेळी ‘मदत हवी’ असे मोघम आवाहन न राहता नेमके काम निश्चित झाले, त्यासाठी लोकवर्गणी जमली आणि २०१९ मध्ये एका जाणकार प्रोग्रामरने ते पूर्ण केले. डेबियनची ही शाखा आजही अनधिकृत स्वरूपात चालू आहे.

यावरून असे म्हणता येईल की, खुला स्रोत दुरुस्तीची मुभा देतो. दुरुस्ती करणारा देत नाही. केवळ सेवाभावाला घातलेली साद अपुरी ठरते. कामाची व्याप्ती, आवश्यक ज्ञान आणि मोबदला यांविषयी मौन बाळगणारे आवाहन शेवटच्या स्वयंसेवकाचे ओझे हलके करू शकत नाही.